शाळेचा संघ की क्लबची रिले? सोळा वर्षांच्या जलतरणपटूच्या आईला उत्तर

पत्र:

आम्ही मूळचे ठाण्याचे. गेली बरीच वर्षे कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतो. आमची सोळा वर्षांची मुलगी अकरावीत आहे. ती लहानपणापासून क्लबमध्ये पोहते. २०० बटरफ्लाय आणि ४०० वैयक्तिक मेडले (चारही शैलींची एकटीने पोहायची शर्यत) या तिच्या मुख्य शर्यती. नववीपासून ती शाळेच्या संघातही आहे आणि यंदा कर्णधार झाली आहे. मार्चमध्ये क्लबची बाहेरगावी एक मोठी स्पर्धा आहे. क्लबच्या कोचना तिला वैयक्तिक शर्यतींबरोबर रिलेतही उतरवायचे आहे. शाळेच्या कोचनी मात्र बजावले आहे की क्लबच्या रिलेत पोहलीस तर शाळेसाठी अपात्र ठरशील. तिचे बाबा म्हणतात, देशपातळीवर पोहणाऱ्या मुलीला अडवण्याचा शाळेला काय अधिकार? अमेरिकेत त्यासाठी ऑलिंपिकचा कायदाच आहे. मिशिगनमधले माझे दीर सांगतात, तिकडे सीझनमध्ये बाहेरच्या दोनच मीट चालतात. मैत्रिणीच्या मुलाला तर त्याचा फुटबॉल क्लब शाळेकडून खेळूच देत नव्हता. एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवले की गाजावाजा न करता पोहू द्या, कोण बघते? मुलीला दोन्हीकडे पोहायचे आहे. आम्ही काय करावे?
– एक आई, सॅन होजे

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण पत्रातली काळजी पाहता आपल्याला ते शेवटपर्यंत ताटकळत ठेवणे बरे नाही. आपल्या मुलीला शाळेचा संघ सोडण्याची गरज नाही आणि मार्चची स्पर्धा चुकवण्याचीही नाही. तिने त्या स्पर्धेतल्या आपल्या वैयक्तिक शर्यती क्लबचे नाव न लावता पोहाव्यात आणि क्लबची रिले तेवढी यंदा सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरात सध्या जी चर्चा चालली आहे तिच्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आता एकेक करून सोडवू.

पहिली गोष्ट म्हणजे हे नियम करते कोण. अमेरिकेत शालेय खेळांच्या पात्रतेचा देशभर लागू असा एकच नियम नाही. इंडियानापोलिस येथे मुख्यालय असलेली ‘नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स’ ही संस्था खेळांचे नियम लिहिते, म्हणजे शर्यत कशी सुरू व्हावी, एका मुलाने किती शर्यतींत उतरावे, वगैरे. मात्र कोण पात्र आणि कोण अपात्र हे प्रत्येक राज्याची आपली संघटना ठरवते. कॅलिफोर्नियात हे काम १९१४ साली स्थापन झालेल्या ‘कॅलिफोर्निया इंटरस्कोलॅस्टिक फेडरेशन’कडे, म्हणजे सीआयएफकडे आहे. तिचे दहा विभाग असून आपली शाळा त्यांपैकी सेंट्रल कोस्ट विभागात येते. त्यामुळे आपल्या दिरांनी सांगितलेले खरे असले तरी आपल्याला ते लागू नाही. मिशिगनच्या संघटनेत वैयक्तिक खेळाच्या विद्यार्थ्याला शाळेच्या सीझनमध्ये शाळेबाहेरच्या जास्तीत जास्त दोन स्पर्धांत भाग घेता येतो. शिवाय तिथे मुलींचा जलतरणाचा सीझन शरद ऋतूत असतो आणि आपल्याकडे तो वसंतात. म्हणजे नियम वेगळा आणि मोसमही वेगळा. नातेवाइकांचा अनुभव प्रेमाने ऐकावा, पण त्यावरून निर्णय घेऊ नये.

आता कॅलिफोर्नियाचा नियम. सीआयएफच्या नियमावलीतील सहाशेव्या क्रमांकाचा नियम असे सांगतो की शाळेच्या संघातल्या विद्यार्थ्याने त्याच खेळात, शाळेच्या सीझनच्या काळात, बाहेरच्या संघातर्फे स्पर्धा केली तर तो अपात्र ठरतो. या वाक्यातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे. ‘त्याच खेळात’ म्हणजे ती त्या काळात क्लबतर्फे दुसरा एखादा खेळ खेळली तर हा नियम आड येत नाही. ‘सीझनच्या काळात’ म्हणजे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ती क्लबसाठी पूर्ण मोकळी आहे. ‘स्पर्धा’ असे म्हटले आहे, सराव असे म्हटलेले नाही. त्यामुळे सीझनमध्ये क्लबच्या पाण्यात रोज सराव करायला या नियमाची आडकाठी नाही. आणि ‘बाहेरच्या संघातर्फे’ हा तुकडा तर आपल्या साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. जलतरणासारख्या वैयक्तिक खेळांत विद्यार्थ्याला सीझनमध्येही बाहेरच्या स्पर्धेत उतरता येते, मात्र तिथे ज्याला ‘अनअटॅच्ड’ म्हणतात तसे, म्हणजे कोणत्याही संघाशी न जोडलेला स्पर्धक म्हणून. तिची वेळ तिच्या नावावर नोंदली जाते, पण तिच्या गुणांची भर क्लबच्या खात्यात पडत नाही. रिले ही संघाचीच शर्यत असल्यामुळे ती अशी एकटीने, बिनसंघाची पोहणे शक्य नाही. म्हणून शाळेचे कोच रिलेबद्दल बोलले. त्यांनी तिला स्पर्धेलाच जाऊ नकोस असे म्हटल्याचे आपल्या पत्रात कुठे दिसत नाही, आणि हा फरक घरातल्या चर्चेत हरवलेला दिसतो.

म्हणजे हा नियम मुलगी किती वेगाने पोहते किंवा ती किती मोठ्या स्पर्धेत उतरते याबद्दल नाहीच. शाळेच्या सीझनमध्ये ती एका वेळी कोणाच्या नावाने पाण्यात उतरते, एवढेच तो विचारतो. ‘उच्च पातळीवर पोहणाऱ्या मुलांना शाळा अडवते’ हा तिच्या बाबांचा समज त्यामुळे या राज्यापुरता आणि या खेळापुरता तरी बरोबर नाही.

त्यांची चीड कुठून येते हे मात्र मला समजते. आपण महाराष्ट्रात पाहिलेली व्यवस्था वेगळी आहे. तिथे शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात, त्यांच्या शेजारी खेळाच्या संघटनेच्या वयोगटांच्या स्पर्धा चालतात, आणि एकच मूल दोन्हीकडे उतरते. किंबहुना दोन्हीकडची प्रमाणपत्रे नीट जपून ठेवावीत, दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी उपयोगी पडतील, असेच पालक सांगतात. तिथे शाळा मुलाचे नाव पाठवते, पण त्याचा मोसम आपल्या ताब्यात ठेवत नाही. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये संघ ही शाळेच्या जीवनातली फार मोठी गोष्ट आहे. पगारी कोच, शाळेचा तलाव, आठवड्याला दुसऱ्या शाळेशी लढत, आणि त्या लढतीला आलेली अर्धी वस्ती, असा तो सगळा प्रकार असतो. ज्या मुलांना क्लबची फी परवडत नाही त्यांच्यासाठी तर शाळेचा संघ हाच एकमेव संघ असतो. ऐन शर्यतीच्या आठवड्यात चार चांगली मुले दुसऱ्या संघाकडून खेळायला निघून जाऊ लागली तर तो संघ टिकणार नाही, आणि एकाच मुलावर दोन कोच दोन दिशांनी हक्क सांगू लागले तर त्यात मुलाचेच हाल होतील, या भीतीतून असे नियम आले. मला ही भीती रास्त वाटते. सांघिक खेळांत हा नियम कधीकधी कठोर होतो आणि तिथे त्याबद्दल तक्रार करायला जागा आहे, हेही मी मान्य करतो. जलतरणात मात्र ‘अनअटॅच्ड’ची वाट ठेवून सीआयएफने बराच समंजसपणा दाखवला आहे.

ऑलिंपिकच्या कायद्याचा आधार घेण्याआधी तो कायदा नीट पाहायला हवा. १९७८ साली अमेरिकी काँग्रेसने हौशी खेळांविषयीचा कायदा केला आणि पुढे त्याला सिनेटर टेड स्टीव्हन्स यांचे नाव जोडले गेले. राष्ट्रीय क्रीडा संघटनांची रचना आणि खेळाडूंचे काही हक्क त्यात आहेत, हे खरे. पण त्याच कायद्यात असेही स्पष्ट म्हटले आहे की जी स्पर्धा विशिष्ट वर्गातल्या खेळाडूंपुरतीच मर्यादित आहे, जसे हायस्कूलचे विद्यार्थी, महाविद्यालयाचे विद्यार्थी किंवा सैन्यदलातले जवान, त्या स्पर्धेवर ती भरवणाऱ्या संस्थेचाच पूर्ण अधिकार राहील. म्हणजे शालेय स्पर्धेत कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा सीआयएफचा अधिकार हा कायदा काढून घेत नाही, उलट मान्य करतो. शिवाय शाळेच्या संघात खेळणे हा घटनेने दिलेला हक्क नसून ती एक सवलत आहे, अशीच भूमिका अमेरिकी न्यायालयांनी सर्वसाधारणपणे घेतली आहे. वकिलाकडे जाऊन पैसे खर्च करण्याजोगे हे प्रकरण नाही, असे मी आपल्या यजमानांना आदरपूर्वक सांगेन.

गुपचूप पोहण्याच्या सल्ल्याबद्दल मला थोडे कडक बोलावे लागेल. आजच्या काळात जलतरणातली कोणतीही शर्यत गुपचूप होत नाही. हीट शीट, म्हणजे कोण कोणत्या फेरीत पोहणार याची यादी, आधी लागते, निकाल शर्यत संपताच मीट मोबाइलसारख्या ॲपवर दिसतो, आणि प्रत्येक नावापुढे क्लबचा संकेत छापलेला असतो. ‘अनअटॅच्ड’ पोहणाऱ्यांच्या नावापुढे ‘यूएन’ असे येते. प्रतिस्पर्धी शाळेचा एखादा पालक हे पाहणार नाही असे समजणे भाबडेपणाचे होईल. उघडकीस आल्यावर जे होते ते आणखी वाईट. सीआयएफच्या नियमाप्रमाणे पहिल्या चुकीला, बाहेरच्या संघातर्फे जितक्या स्पर्धा खेळल्या त्याच्या दुप्पट संख्येच्या शालेय लढतींतून विद्यार्थी बाद होतो, आणि दुसऱ्या चुकीला वर्षभरासाठी. मधल्या काळात ती शाळेसाठी ज्या लढतींत उतरली असेल त्यांचे निकालही शाळेला गमवावे लागतात. शाळेच्या रिलेत तिच्याबरोबर आणखी तीन मुली असतात. त्यांच्यातली एखादी बारावीची असेल आणि तिचा हा शेवटचा सीझन असेल. कर्णधार असलेल्या मुलीच्या हातून त्या तिघींचे नुकसान होऊ देणे योग्य नव्हे. असा सल्ला देणाऱ्या गृहस्थांचा हेतू चांगला असेलही, परंतु तो सल्ला मुलीच्या कानावरसुद्धा जाऊ देऊ नये.

आता खरा विचार करण्याजोगा प्रश्न उरतो: या पातळीच्या मुलीला शाळेच्या संघातून मिळते काय? इथे मी आपल्याला एकच एक उत्तर देणार नाही, कारण ते शर्यतींवर अवलंबून असते. हायस्कूलच्या लढती २५ यार्डांच्या तलावात होतात. त्यात मुलीला एकूण चार शर्यतींत उतरता येते आणि त्यांपैकी वैयक्तिक शर्यती दोनच. वैयक्तिक शर्यतींची यादीही ठरलेली आहे: बटरफ्लाय १०० यार्डांची, वैयक्तिक मेडले २०० यार्डांची, आणि सर्वांत लांब शर्यत ५०० यार्ड फ्रीस्टाइल. म्हणजे आपल्या मुलीच्या दोन्ही मुख्य शर्यती, २०० बटरफ्लाय आणि ४०० मेडले, शालेय स्पर्धेत नाहीतच. आंतरराष्ट्रीय पातळीवरची मुख्य शर्यत ५० मीटरच्या तलावात होते, आणि त्या तलावाचा मोसम शाळेच्या सीझनच्या उत्तरार्धाला येऊन भिडतो. मार्चची ती स्पर्धा क्लबच्या कोचना इतकी महत्त्वाची का वाटते, याचे उत्तर इथे आहे. त्यांचे चुकत नाही. या मुलीची खरी वेळ शाळेच्या तलावात कधी नोंदलीच जाणार नाही, आणि महाविद्यालयाचे कोच तर वेळच पाहतात. महाविद्यालयीन खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत, जलतरणात, दहावीनंतरच्या १५ जूनपासून महाविद्यालयांचे कोच विद्यार्थ्याशी थेट बोलू शकतात, म्हणजे आपल्या मुलीसाठी तो काळ सुरू झालेला आहे. त्यामुळे मार्चमधल्या तिच्या वैयक्तिक शर्यती कोणत्याही परिस्थितीत सोडू नयेत, या क्लबच्या कोचच्या मताशी मी सहमत आहे.

पण शाळेच्या तलावात तिला जे मिळते ते क्लबमध्ये मिळत नाही. क्लबमध्ये मूल बहुतेक वेळ आपल्या घड्याळाशी स्पर्धा करते. शाळेत ते नुकतेच पोहायला शिकलेल्या नववीतल्या मुलीशेजारी उभे राहते, तिला टर्न कसा घ्यायचा ते दाखवते, आणि दोन शाळांमधला एका गुणाचा फरक भरून काढण्यासाठी आपली नसलेली शर्यतही पोहते. जागतिक पातळीच्या मुलींनाही हे सोडवले नाही. मिसी फ्रँकलिनने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकली, आणि त्यानंतरच्या शालेय वर्षात ती पुन्हा कोलोरॅडोतल्या आपल्या रेजिस जेझुइट शाळेसाठी पोहली. इतर मुलींच्या संधी ती हिरावून घेते अशी टीका तेव्हा झाली. तरीही ती पोहली, आणि पुढे महाविद्यालयासाठी पोहता यावे म्हणून बक्षिसांच्या आणि जाहिरातींच्या पैशांवर तिने पाणी सोडले. त्याच ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी ८०० मीटर फ्रीस्टाइल जिंकणारी केटी लेडेकी मेरीलँडमधल्या स्टोन रिज शाळेसाठी पोहत राहिली. मैदानी खेळांत सिडनी मॅक्लॉफ्लिन हायस्कूलमध्ये असतानाच २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेली आणि परत येऊन न्यू जर्सीतल्या युनियन कॅथलिक शाळेसाठी धावली. याउलट मायकेल फेल्प्स सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला आणि त्यासरशी महाविद्यालयीन जलतरणाचा त्याचा मार्ग बंद झाला. त्याच्यासाठी तो निर्णय योग्य होता. पण तोपर्यंत तो ऑलिंपिकमध्ये पोहलेला होता आणि त्याने विश्वविक्रमही केला होता, हे विसरून त्याचे उदाहरण घरी देऊ नये.

मैत्रिणीच्या मुलाची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. तिथे बंदी शाळेची नसून क्लबकडून आलेली आहे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २००७ मध्ये सुरू केलेल्या डेव्हलपमेंट अकादमीने २०१२ पासून दहा महिन्यांचा मोसम केला आणि आपल्या खेळाडूंना शाळेच्या संघातून खेळायला मनाई केली. ती अकादमी २०२० मध्ये बंद झाली, तरी वरच्या पातळीवरच्या अनेक क्लबांत तोच आग्रह कायम राहिला. त्या मुलाला खरोखर दोन्हींपैकी एक निवडावे लागले असेल. आपल्या मुलीवर तशी वेळ आलेली नाही, आणि ती ओढवून घेण्याचे कारणही नाही.

एका गोष्टीकडे पत्रात कोणाचेच लक्ष गेलेले नाही, म्हणून ती आवर्जून लिहितो. सीआयएफने शाळेच्या संघाच्या सरावाला दिवसाला चार आणि आठवड्याला अठरा तासांची कमाल मर्यादा घातली आहे. परंतु क्लबमधल्या सकाळच्या तासांची आणि शाळेतल्या दुपारच्या तासांची बेरीज कोणतीही संघटना करत नाही. ती आईवडिलांनीच करावी लागते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला असा आहे की वाढत्या वयातल्या खेळाडूला आठवड्यातून किमान एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने आपल्या खेळापासून सुट्टी मिळावी. बटरफ्लाय पोहणाऱ्या मुलीच्या खांद्यांवर काय ताण येतो हे आपण रोज पाहत असाल. फेब्रुवारी ते मे या काळात दोन्ही कोचना एकाच कागदावर तिचा आठवडा लिहून द्यायला सांगावे, आणि तो कागद दोघांनी पाहिल्याशिवाय सीझन सुरू होऊ देऊ नये. बरेच शालेय कोच क्लबच्या मुलांना रोजच्या सरावातून सूट देतात. आपल्या शाळेत तशी पद्धत असेल तर तिचा निःसंकोच लाभ घ्यावा. पोहण्याच्या एका तासापेक्षा झोपेचा एक तास तिला या महिन्यांत अधिक लागेल.

आता करायचे काय ते सांगतो. शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरना, म्हणजे शाळेतल्या सगळ्या खेळांच्या प्रमुखांना, ईमेल पाठवावा. कोचना नव्हे, कारण पात्रतेची जबाबदारी शाळेत डायरेक्टरांकडे असते आणि शंका आली तर तेच विभागीय कार्यालयाला विचारू शकतात. ईमेलमध्ये स्पर्धेचे नाव, तारखा आणि मुलगी ज्या शर्यती पोहणार त्या लिहाव्यात. ती ‘अनअटॅच्ड’ उतरणार आहे आणि रिलेत नाही, हे स्पष्ट लिहावे. तिचा सीझन नियमाच्या दृष्टीने कोणत्या दिवशी सुरू होतो आणि कोणत्या दिवशी संपतो, हे विचारावे. शेवटचा प्रश्न नक्की विचारा, कारण मे महिन्यात क्लबच्या नावाने पुन्हा कधी पोहता येईल हे त्यावर ठरते. उत्तर लेखी येईपर्यंत थांबावे. तोंडी ‘हो, चालेल’ कितीही आपुलकीने सांगितले तरी वाद झाल्यावर ते कामाला येत नाही. त्यानंतर क्लबकडे जाऊन स्पर्धेचा प्रवेशअर्ज ‘अनअटॅच्ड’ म्हणूनच भरला आहे याची स्वतः खात्री करावी, कारण क्लबच्या संगणकावर नाव आपोआप क्लबच्या संकेतासह जाण्याची शक्यता असते. शर्यतीच्या दिवशी क्लबची किंवा शाळेची टोपी न घालता साधी टोपी घातलेली बरी.

कधी राष्ट्रीय संघाच्या शिबिराचे किंवा परदेशातल्या स्पर्धेचे बोलावणे आले, तर तो प्रश्न याहून वेगळा असेल आणि त्यासाठी आधी परवानगी लागेल. बोलावणे हातात पडल्याच्या दिवशीच ते ॲथलेटिक डायरेक्टरना दाखवावे. तसेच कोणत्याही स्पर्धेत रोख बक्षीस, किंवा एखाद्या कंपनीकडून नावाच्या बदल्यात काही मिळत असेल, तर ते स्वीकारण्यापूर्वी सीआयएफचे आणि एनसीएएचे दोन्हींचे नियम तपासावेत. महाविद्यालयीन खेळांतले पैशांचे नियम गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले आहेत, त्यामुळे मागच्या वर्षी कोणाला काय चालले यावर विसंबू नये.

क्लबच्या कोचना रिलेचा नकार कोणी द्यायचा, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले असते तर मी म्हटले असते, मुलीने. तिने स्वतः, आपण बरोबर नसताना, आणि या आठवड्यातच. म्हणजे रिलेसाठी चौथी मुलगी तयार करायला त्यांना पुरेसा वेळ मिळेल.